शेवटच्या रानाची पाळी

पडद्यावर डावीकडे प्रोग्रामच्या तुकड्यांच्या नावांची लांबलचक यादी उतरत गेली आणि तिच्यात सतराव्या की अठराव्या ओळीवर संदेशला आपलंच अक्षर दिसलं. आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर कसलं आलंय कुणाचं अक्षर. तिथे सगळ्यांची अक्षरं एकाच मापाची. पण दोन मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत एकमेकांना चिकटवून लिहायचे, ही खोड त्याची होती. पाळीपरत. पाण्याची पाळी, ती परत द्यायची, म्हणून पाळीपरत. पंधरा वर्षांत हा शब्द त्याने उच्चारला नव्हता, मनातसुद्धा नाही, आणि आता तो समोर बसला होता, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा. शनिवारची दुपार होती. खाली लोणावळ्यातल्या भांगरवाडीच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्या एकमेकींच्या मागे अडकून हॉर्न वाजवत होत्या. अनिताने आतून विचारलं, "सापडलं का काही?" आणि संदेश म्हणाला, "नाही अजून." म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण खोटं बोललो, आणि तेही किती सहज. बायकोशी, घरात बसून, कारण नसताना.

हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं गौरवच्या फोनमुळे. गौरव म्हणजे गावच्या उपसा सिंचन संस्थेचा नवा सेक्रेटरी, तिशीतला, गोड बोलणारा. इंद्रायणीवरून पाणी उचलून एक्केचाळीस रानांना पाळीपाळीने द्यायचं, कुणाची पाळी कधी त्याचा कागद दर रविवारी काढायचा, हे सगळं तिथे अजून संदेशच्याच जुन्या प्रोग्रामवर चालत होतं. आता तिसरा पंप आला होता आणि प्रोग्रामला दोनच पंप माहीत. "दादा, तुमी म्हणालेलात सोर्स गेलं म्हणून, ते म्हाईत हाय," गौरव म्हणाला होता. "पण आता म्हणं चालत्या प्रोग्रामातनं उलटं काढता येतं. पिठाचे परत तांदूळ." संदेश हसला होता. पुण्याच्या कंपनीत तो घरी बसून दुसऱ्यांचे असलेच बुडालेले प्रोग्राम वर काढायचं काम करतो, हे गौरवला ठाऊक असायचं कारण नव्हतं. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल असा, तेच सोर्स. मग तो यंत्रासाठी दळला जातो. मूळ लिहिलेलं हरवलं तरी दळलेल्यातून बरंचसं परत येतं. काय करायचं ते येतं, कुठल्या क्रमाने ते येतं, मोठ्या तुकड्यांची नावं येतात. येत नाहीत त्या लिहिणाऱ्याने ओळींच्या वर स्वतःसाठी, सोबत्यासाठी लिहून ठेवलेल्या टिपा. यंत्राला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून दळतानाच त्या गळून जातात. आणि कोणती ओळ कुणी लिहिली, तेही येत नाही.

येत नाही असं तो नव्या पोरांना शिकवायचा. पण इथे येत होतं. एक तुकडा उघडला की मोजणी शून्यापासून, दुसरा उघडला की एकपासून. यंत्र शून्यापासून मोजतं. तशी मोजणारा रतन. आणि यंत्र काहीही म्हणो, पहिल्याला एकच म्हणणारा, मग पुढे जागोजाग एक वजा करत बसणारा संदेश. रतन ओव्हाळ हसायचा त्याला. "तुमचं घर गावात एक नंबर, तुमी एकापासनंच मोजणार. आमी आपले शून्यावं," म्हणायचा. दोघंही हसायचे. तळेगावच्या क्लासला दोघं गावाहून, म्हणजे कान्ह्याहून, लोकलने बरोबर जायचे, परत येताना कधी मधल्याच स्टेशनला उतरून रुळाकडेच्या टपरीवर वडापाव खात एका वहीत प्रोग्राम मांडायचे. कॉम्प्युटर होता संदेशच्या घरी, म्हणून रतन तिथे यायचा. आई चहा द्यायची. कस्तुराबाई तशी मायाळू बाई. कप वेगळा नव्हता. फक्त चहा झाला की रतन उठून आपला कप स्वतः विसळून पालथा घालायचा, आणि कुणी त्याला राहू दे म्हणायचं नाही. संदेशसुद्धा नाही. त्या वेळी त्यात काही दिसलं नव्हतं. आता पडद्यावर एकाखाली एक त्या दोघांचे तुकडे येत होते, शून्य, एक, एक, शून्य, आणि रतन शेजारच्या खुर्चीत गुडघा हलवत बसल्यासारखा वाटत होता. संदेशला बरं वाटलं, खरोखर बरं वाटलं, एखादं मिनिट. मग त्याने पाळीपरत उघडलं.

मोजणी एकपासून होती.

तो उठला, गॅलरीत गेला, परत आला. पुन्हा वाचलं. नियम साधा होता. पाळी सहा तासांची. वीज गेली आणि चार तासांपेक्षा कमी पाणी मिळालं, तर ती पाळी मोडली असं धरायचं आणि पुढच्या आठवड्याच्या कागदावर त्या रानाला सगळ्यांच्या आधी घालायचं. हे त्याने लिहिलं होतं. त्याने, रतनने नव्हे. आणि याच नियमापायी रतनचं नाव गेलं होतं. ओव्हाळांचं रान सदतीस नंबर, नंबर सभासद झाल्याच्या क्रमाने, पण रान पाइपाच्या पार शेवटाला. पाळीही शेवटची, शुक्रवारी दुपारी, आणि त्या वर्षी भारनियमन नेमकं शुक्रवारी दुपारी. पाळी मोडायची, म्हणून पुढच्या कागदावर सदतीस पहिला यायचा, आणि आपल्या नेहमीच्या जागी शेवटीही यायचा. शेवटची पुन्हा मोडायची. असे तीन आठवडे तीन कागद संस्थेच्या दारावर लागले आणि प्रत्येकावर सदतीस दोनदा. मिळत होतं इतरांसारखं एकदाच. पण कागदावर दोनदा दिसत होतं, आणि उन्हाळ्याचे दिवस, विहिरींनी तळ गाठलेला. माणसं कागद वाचत होती, रान बघायला कोण जातो.

सभा शाळेच्या वर्गात झाली होती. संदेशचे वडील भिमाजी, गाव त्यांना आबा म्हणतं, तेव्हा चेअरमन. लहान मुलांच्या बाकांवर मोठाली माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कुणीतरी म्हणालं, "कुटंतरी पाणी मुरतंय." मग आबा म्हणाले, अगदी सावकाश, सुपारी कातरत, "वाडप्यानं आदी आपलंच ताट वाढून घेतलं म्हणायचं." वर्ग हसला. रतन उभा राहिला. सव्वीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट. "प्रोग्राम आमी दोघांनी लिवलाय," तो म्हणाला. "कुणाला जादा पाणी दिल्यालं न्हाई. समद्या फायली संदेशकडं हायेत. त्यो उघडून दावंल." आणि त्याने संदेशकडे पाहिलं. वर्गाने पाहिलं. आबांनी अडकित्ता थांबवून पाहिलं. संदेशला आज सगळ्यात स्पष्ट आठवत होता तो खडूचा वास, आणि बाकावर कर्कटकाने कोरलेलं कुणाचं तरी नाव, ज्याच्यावरून तो बोट फिरवत होता. फायली घरात होत्या, कपाटात, एका सीडीवर. तो म्हणाला, "फायली गेल्या. हार्डडिस्क उडाली." तेवढंच. मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. रतन "बरं," म्हणाला, दाराशी जाऊन चपला घातल्या, आणि गेला. पुढच्या कागदावर सदतीस एकदाही नव्हता.

सीडीचं म्हणाल, तर तिचीही एक गंमत झाली, गंमत म्हणायची तर. संदेशने ती कपाटातून काढली नाही, उघडली नाही, फेकलीही नाही. त्या वर्षी भात निसवायला लागलं आणि पाखरं उतरायला लागली, तेव्हा कस्तुराबाईंनी घरातल्या सगळ्या जुन्या सीड्या गोळा करून सुतळीला ओवल्या आणि बांधापासून बांधापर्यंत टांगल्या. सगळीकडे तसंच करतात. उन्हात चकाकतं, पाखरू बिचकतं. दिवाळीच्या आधी संदेश रानात गेला तर चौथी की पाचवी सीडी वाऱ्यावर गिरक्या घेत होती आणि तिच्यावर मार्करने त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं, पाळी, शेवटचं. हात वर केला असता तर निघाली असती. तो बघत उभा राहिला. ऊन पाऊस खाऊन वरचा मुलामा पापुद्र्यांनी सुटला होता. त्याला हलकं वाटलं होतं तेव्हा, हे त्याला आज लपवता येईना. बोललेलं खोटं आता खरं झालं होतं, आणि तेही आईच्या हातून, आपण बोटही न लावता.

रतनने पुढे कॉम्प्युटर सोडला. ज्याने पाळीत हात मारला म्हणतात, त्याला तालुक्यात कोण काम देणार. मावळात बातमी गाडीच्या आधी पोचते. उर्श्याच्या टोलनाक्यावर तो लागला, खिडकीत बसून पावत्या फाडायला. संदेश तोवर लोणावळ्यात राहायला आलेला, पुण्याला गाडीने जा-ये. नाका जवळ आला की तो आधीच डोळे बारीक करून खिडक्यांतली डोकी बघायचा आणि लेन बदलायचा. दोनदा मागच्या गाड्यांच्या शिव्या खाल्ल्या. फास्टॅग आला, काच खाली करायची गरज उरली नाही, तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं. दोन वर्षांपूर्वी गावच्या ग्रुपवर रतनचा फोटो आला, पांढऱ्या फुलांच्या चौकटीत. हृदयविकाराचा झटका, वय एकोणचाळीस. संदेशने खाली लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्या आधीच्या अकरा जणांनीही तेच लिहिलं होतं. कान्ह्याला तो गेला नाही. त्या दिवशी त्याची मीटिंग होती, आणि खरोखरच होती.

पण एवढं सगळं आठवूनही एक गोष्ट आठवेना, आणि तीच त्याला हवी होती. पाळीपरतच्या वर एक टीप होती. एक ओळ, मराठीत, इंग्रजी अक्षरांत. ती होती एवढं नक्की. काय होती ते गेलं. नुसतं "वीज गेल्यास" असं काही? की तिच्यात सदतीसचा उल्लेख होता, शेवटच्या रानाचा? असला तर त्या दिवशी वर्गात बाकावर बोट फिरवत असताना आपल्याला माहीत होतं. नसला तर आपण विसरलो होतो, माणूस विसरतो, सव्विसाव्या वर्षी शेकडो ओळी लिहिल्या, कुठली कुणाची कोण लक्षात ठेवतो. विसरलो होतो. त्याने स्वतःशी तीनचारदा म्हणून पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. प्रत्येक वेळी ते वाक्य जरा जास्तच उजेडात येत होतं. त्याने दुसरं साधन लावून पाहिलं, तिसरं लावलं. तिन्हींनी नियम तोच दिला आणि वरची जागा कोरी दिली. अनिता चहा घेऊन आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "आलं की सगळं." तो म्हणाला, "हो, जेवढं येतं तेवढं आलं."

रविवारी सकाळी तो कान्ह्याला गेला. रतनची आई भागुबाई स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्यांत राहत होत्या, नातीबरोबर. दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याला बघून त्यांनी उठायचं केलं नाही की तोंडही फिरवलं नाही. "ये," म्हणाल्या. "आबा बरं हायेत का?" नात प्रतीक्षा, बारावीतली असावी, पाणी ठेवून आत गेली, तिचं कपाळ रतनचं होतं. संदेश पाणी प्यायला नाही, तांब्या हातात धरूनच बोलला. वाटेत बरंच जुळवलं होतं, त्यातलं काही बाहेर आलं नाही. "मावशी, तो नियम मी लिहिला होता. रतनने नाही. काल मी उलटं काढून बघितलं. मला आठवत नव्हतं, मावशी. आता कळलं."

भागुबाईंचं बोट सुपात फिरत होतं ते थांबलं. "आटवत न्हवतं?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, नवल वाटल्यासारख्या. "आरं, तूच सांगितलं व्हतंस की मला. आमच्या बांधावं. लाईट गेलेली, मी खोरं घिऊन बसलेली सकाळधरनं, पानी काय यीना. तू रतनसंगं आलतास. म्हणलास, मावशी, बसू नका अशा. मी मशिनीतच घालून ठिवतो. तुमची पाळी मोडली तर म्होरल्या आठवड्याला पयली तुमचीच." त्यांनी एक खडा वेचून बाहेर टाकला. "मला लय बरं वाटलं व्हतं. एवढ्या घरचं पोरगं, आन आपल्या शेवटच्या रानाचं बघतंय."

रुळावरून गाडी गेली. संदेशला तो बांध दिसला, खोऱ्यावर टेकलेला हात दिसला, आणि ती ओळही आली, सबंध, अक्षरन् अक्षर. शेवटच्या रानाला आधी, भागूमावशीसाठी. त्याने घरी येऊन तीच लिहिली होती. म्हणजे माहीत होतं. वर्गात खडूचा वास येत होता तेव्हा माहीत होतं, आणि सीडी गिरक्या घेत होती तेव्हाही. त्याने विचारलं, "मग रतनने का नाही सांगितलं? माझं नाव घ्यायचं होतं त्याने तिथे."

"मी म्हणलं की त्याला. लय डाव म्हणलं. तर म्हणायचा, आये, मी सांगून काय? त्याच्या बापासमोर त्यालाच सांगू दे. त्यो बोलंल, आज न्हाई तर उद्या बोलंल." त्या पुन्हा तांदळात बघू लागल्या. "नाक्यावं लागल्यावं बी तेच. कदी म्हणायचा, संदेशची गाडी गेली आज. पलीकडच्या लायनीतनं."

संदेशने तांब्या खाली ठेवला. काहीतरी द्यावं, काहीतरी करावं, अशी त्याला घाई झाली. अपराधी माणूस आधी हात पुढे करतो. "मी सदतीस परत घालतो, मावशी. नवा प्रोग्राम माझ्याच हातात आहे. तुमच्या रानाची पाळी पुन्हा लावून देतो."

"कुटल्या रानाची? इकलं की ते. रतन असतानाच इकलं, बिनपान्याचं काय करायचं. मुंबैवाल्यांनी बंगला बांदलाय. पव्हायला तळं हाय निळं." भागुबाई हसल्या, अगदी थोडं. "आता तितं पान्याला तोटा न्हाई."

"मग मी काय करू?"

"मला इचारू नगंस. त्येचं नाव चारचौगात गेलं. चारचौगातच यावं, एवढंच वाटतं मला. घरात यिऊन सांगितलंस, ते मला म्हाईत व्हतंच."

सभा पुढच्या रविवारी सकाळी होती, संस्थेच्या नव्या कार्यालयात. फायबरच्या खुर्च्या, भिंतीवर पंखा, चहाबरोबर पारले. वीसबावीस माणसं, त्यांतली निम्मी संदेशला नावाने माहीत नव्हती. बापांच्या जागी पोरं आली होती. आबा पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून. आता ते चेअरमन नव्हते, पण ती खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी ठेवतात. संदेशने पडद्यावर तिसरा पंप दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तो म्हणाला, अजून एक सांगायचं आहे. सगळं सांगितलं. सदतीस नंबर, मोडलेल्या पाळ्या, नियम कुणाचा होता ते. आणि फायली त्या दिवशी गेल्या नव्हत्या, कपाटात होत्या, हेही. "रतनने कुणाचं थेंबभर पाणी घेतलं नाही," तो म्हणाला. "मी खोटं बोललो." हे वाक्य त्याने आठवडाभर घोकलं होतं, आणि ते बोलताना त्याला वाटलं की आता काहीतरी होईल. कुणीतरी उठेल. आबा काठी आपटतील. कुणी शिवी देईल. दिली तर बरं.

पंखा फिरत होता. मागच्या रांगेतल्या एका पोराने शेजाऱ्याला हळूच विचारलं, "रतन कोन?" शेजारी म्हणाला, "नाक्यावं नव्हता का एक, वारला त्यो." विठ्ठलभाऊ, जुने पंपवाले, जमिनीकडे बघत म्हणाले, "मानूस चांगला व्हता." आबा पडद्याकडेच बघत होते, जिथे तिसरा पंप अजून हिरव्या रंगात दिसत होता. त्यांच्या जबड्याची एक शीर हलली की काय; की ते सुपारीच चघळत होते. "झालं ते झालं," ते म्हणाले. "म्होरलं घ्या."

संदेश मागच्या रांगेत जाऊन बसला. गौरवला मात्र अवघडल्यासारखं झालं. समोर सभेची वही उघडी होती, पेन हातात. "दादा, बरं केलं सांगितलंत," तो म्हणाला. "घेऊ ना मी वहीत. फकस्त काय म्हणून घेऊ? ठराव तर न्हाई हा. तुमीच सांगा, तसं लिवतो." सगळे संदेशकडे बघत होते, आणि त्यांत कुणाला घाई होती, कुणाला गाडी पकडायची होती. संदेशने तोंड उघडलं. हजारो ओळी लिहिलेला माणूस तो. त्याला एक ओळ सुचेना. पहिल्या रांगेतून आबा म्हणाले, मागे वळून न बघता, "चर्चा झाली म्हन." संदेशने त्यांच्या पाठीकडे, मानेवरच्या सुरकुत्यांकडे पाहिलं. काही बोलायला हवं होतं, आत्ता, लगेच. गौरवने अर्धा क्षण वाट पाहिली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: विषय क्रमांक चार, संगणक प्रोग्रामबाबत चर्चा झाली. मग वही हातोहात फिरली. खुर्च्या सरकल्या, सह्या होत गेल्या, कुणी पारलेचा पुडा खिशात घातला. वही संदेशपाशी आली तेव्हा त्याने ती ओळ दोनदा वाचली. "खाली तारीख बी टाका, दादा," गौरव म्हणाला. संदेशने सही केली, आणि तारीख टाकली.